पाठीवरचे ओझे : एका नामांकित सॅकची पारख

मोपाच्या पठारावरील मनोहर विमानतळावर २०२३ च्या जानेवारीत विमानांची नियमित ये-जा सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील रस्त्यांवरचे एक दृश्य अधिकच परिचयाचे झाले. हरमल, मांद्रे, मोरजीच्या वाटेला लागलेल्या प्रवाशांपैकी पुष्कळांच्या हातात पेटी नसते, काखेत वळकटी नसते. जे काही असते ते सारे पाठीवर. परदेशी पाहुण्यांची ही तऱ्हा या किनाऱ्याने कित्येक वर्षे पाहिलेली आहे. परंतु आता पेडण्याची आणि डिचोलीची मुलेही तशीच पिशवी पाठीस लावून घराबाहेर पडू लागली आहेत. कोणी केरीच्या किनाऱ्यावरून टेकाड ओलांडून हरमलच्या गोड्या तळ्यापर्यंत चालत जातो, कोणी मये, हरवळे, नार्वे असा दिवसाचा फेरफटका करतो, तर कोणी डिसेंबरात यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या गोव्यातील पदभ्रमण मोहिमेत नाव घालतो. या पिशवीला मराठी मुलुखातील डोंगरभटके ‘सॅक’ म्हणतात. नवी सॅक घ्यावयाची म्हटली की मित्रमंडळींत जे नाव हटकून पुढे येते, ते म्हणजे केचुआ. हे नाव विश्वासाचे आहे काय, आणि असल्यास कोणासाठी, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी झालेला बरा.

केचुआ हे मूळ नाव दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणाऱ्या एका जनसमूहाचे व त्याच्या भाषेचे. हिंदी जाणणाऱ्यांना ते ऐकून गांडूळ आठवते आणि हसू येते. पण मालाच्या खपाला त्याने काही बाध आलेला दिसत नाही. फ्रान्समध्ये लील शहराजवळ मिशेल लक्लेर्क यांनी १९७६ साली डेकॅथलॉन हे क्रीडासाहित्याचे दुकान काढले. त्याच संस्थेने १९९७ साली डोंगरात हिंडणाऱ्यांसाठी केचुआ हा स्वतंत्र मार्का काढला आणि त्याचे आरेखन करणारी माणसे मों ब्लां शिखराच्या पायथ्याशी नेऊन बसवली. हवेत फेकताच उभा राहणारा तंबू याच मार्क्याने २००५ साली बाजारात आणला. भारतात डेकॅथलॉन २००९ साली आले. तेव्हापासून काहीशे रुपयांत मिळणारी केचुआची १० लिटरची चिमुकली पाठपिशवी इतकी पसरली आहे, की शाळा, शिकवणी, कचेरी, बाजार, कोठेही ती दिसते. ती हलकी आहे, स्वस्त आहे आणि तिची शिवण किमतीच्या मानाने चांगली आहे. तिच्याविषयी तक्रार करावयास जागा थोडी.

मात्र या चांगल्या अनुभवातूनच पुढची चूक जन्मास येते. दहा लिटरच्या पिशवीने तीन वर्षे साथ दिली, म्हणून त्याच नावाची कोणतीही मोठी सॅक पाच दिवसांच्या चालीलाही साथ देईल, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः खुद्द त्या संस्थेनेच ही दोन कामे वेगळी केलेली होती. एका दिवसाच्या किंवा फार तर एखाद्या रात्रीच्या डोंगरफेरीसाठी केचुआ. अनेक दिवस बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणाऱ्यांसाठी फोर्क्लाज या नावाचा दुसरा मार्का होता. फोर्क्लाज हे पूर्वी केचुआच्याच काही वस्तूंचे नाव होते. पुढे त्याला निराळे घर मिळाले. दुकानाची पाटी एक, पैसे घेणारा एक, परंतु वस्तू कोणाला समोर ठेवून बेतली हे निराळे. गिऱ्हाईक पाटी वाचते आणि नेमकी ही पुढची ओळ वाचीत नाही.

हा भेद व्यापाऱ्याने उगीच कल्पिलेला नाही, हे ओझ्याचा विचार केला की कळते. गोमंतकात आणि एकूण कोकणात ओझे वाहिले ते मुख्यतः डोक्यावर. चुंबळीवर ठेवलेली पाटी आपले वजन कण्याच्या सरळ रेषेत खाली उतरवते. बाजाराला भाजी घेऊन निघालेली बाई मैलोगणती ताठ चालते, ते याच कारणाने. पाठीवरच्या पिशवीला ही सोय नाही. तिचे वजन माणसाला मागे ओढते, तो तोल सावरण्यासाठी पुढे वाकतो, आणि मग सगळा भार खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांत येऊन बसतो. पाच किलोपर्यंत हे निभते. बारा किलोंना निभत नाही. पहिल्या दिवशी खांदे दुखतात, दुसऱ्या दिवशी हाताला मुंग्या येतात. वैद्यकशास्त्रात या दुखण्याला ‘रकसॅक पाल्सी’ असे नावच आहे. मानेकडून हाताकडे जाणारे मज्जातंतू पट्ट्याखाली दाबले जातात, आणि क्वचित् प्रसंगी हात वर उचलण्याचे बळ काही आठवड्यांपुरते, कधी महिन्यांपुरतेही, जाते. सैनिकांत हे विशेष पाहण्यात आलेले आहे. पण ज्याच्या घरच्यांनी मोठ्या हौसेने सॅक घेऊन दिली, त्या अठरा वर्षांच्या मुलाचा खांदा सैनिकाच्या खांद्याहून कणखर असतो असे नव्हे.

यावरचा उपाय एका वाक्यात सांगता येतो : भार खांद्यावरून काढून कमरेच्या हाडांवर ठेवावा. कॅलिफोर्नियातील डिक केल्टी यांनी १९५२ साली अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या चौकटीवर पिशवी बसवून ती विकावयास आरंभ केला. शिवणकाम त्यांच्या पत्नी घरीच करीत. चौकटीने पिशवी ताठ राहिली, आणि ताठ वस्तूचे वजन कमरेच्या पट्ट्यावर टेकवता आले. पुढे १९६७ साली ग्रेग लो यांनी तीच चौकट पिशवीच्या पोटात घेतली. आजच्या बहुतेक मोठ्या सॅका त्या वंशातल्या आहेत. तेव्हा सॅकची पारख करताना पहिला प्रश्न नावाचा नसून सांगाड्याचा आहे. आत ताठ पट्टी वा चौकट आहे काय, आणि कमरपट्टा भरीव, कमरेच्या हाडांना कवेत घेणारा आहे काय? नुसती नाडीवजा फीत असेल, तर तिचा उपयोग सॅक हलू नये एवढाच. भार वाहण्याशी तिचा संबंध नाही. केचुआच्या लहान पिशव्यांना कमरपट्टा नसतो किंवा अशी फीत असते, आणि त्यांच्या कामाला तेवढे पुरते.

दुसरा प्रश्न पाठीचा. मान खाली घातली असता मानेच्या तळाशी जे हाड वर येते, तेथून कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर ही पाठीची खरी लांबी. सारख्याच उंचीच्या दोघा भावांत हे अंतर तीन-चार बोटांनी निराळे निघू शकते. सॅक पाठीपेक्षा लांब असेल तर कमरपट्टा हाडांखाली घसरतो, आखूड असेल तर पोटावर चढतो. दोन्ही प्रकारांत भार पुन्हा खांद्यांवर. काही मोठ्या सॅकांत खांद्याचे पट्टे पाठीच्या मापाप्रमाणे वरखाली सरकवता येतात, आणि नावाच्या मोहापेक्षा याच सोयीसाठी दोन पैसे जास्त द्यावेत. स्त्रियांसाठी बेतलेली निराळी सॅक मिळते. तिची पाठ आखूड आणि पट्टे वेगळ्या वळणाचे असतात. घरातील एकच सॅक आळीपाळीने सर्वांनी वापरण्याची जी काटकसर आहे, तिची किंमत सर्वांत लहान पाठीला मोजावी लागते.

दुकानात रिकामी सॅक अंगावर चढवून आरशात पाहणे हे तर निव्वळ हास्यास्पद होय. रिकामी सॅक कोणाच्याही पाठीला शोभते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेल्या दहा बाटल्या सॅकमध्ये घालाव्यात, आधी कमरपट्टा आवळावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, आणि दुकानात वीस मिनिटे हिंडावे. असे करताना विक्रेत्याच्या कपाळाला आठी पडली तर पडू द्यावी. खांद्याच्या पट्ट्याखाली बोटे सहज सरकली, तर भार कमरेवर गेला असे समजावे.

किती भार न्यावा, याविषयी चालणाऱ्यांत एक जुना अडाखा आहे : एका दिवसाच्या फेरीला अंगच्या वजनाचा दहावा हिस्सा, अनेक दिवसांच्या चालीला फार तर पाचवा. साठ किलोंच्या तरुणाला अनुक्रमे सहा आणि बारा किलो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरधोरणानेही मुलांच्या दप्तराला दहाव्या हिश्शाचीच मर्यादा घातलेली आहे. ती सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहून किती दप्तरांना लागू पडते, हे पाहण्यासारखे आहे. असो. सॅकवर लिहिलेले लिटर हे वजन नव्हे, पोकळी आहे. आणि पोकळी दिसली की ती भरण्याचा मोह माणसाला होतोच. साठ लिटरची सॅक घेणारा साठ लिटर सामान नेतो, मग गरज चाळिसाचीच का असेना.

या बाबतीत पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा शहाणपणा मोठा. गोव्यातून आषाढीला पंढरपूरची वाट चालणाऱ्या दिंड्या असोत, किंवा सावंतवाडी-बेळगावकडून सेंट झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी जुन्या गोव्याकडे चालत येणारे भाविक असोत, त्यांचे जड सामान बहुधा मागून गाडीने येते आणि खांद्यावर पाणी, पंचा, थोडा फराळ एवढेच असते. अशा यात्रेकरूला केचुआची लहान पिशवी पुरून उरेल. दुसऱ्याने वाहिलेले ओझे हेच सर्वांत हलके, हे त्याला कोणत्याही दुकानदाराने शिकवावे लागलेले नाही.

आता गोव्याच्या हवेकडे वळावयास हवे, कारण फ्रान्सच्या डोंगरात घेतलेली परीक्षा पेडण्यात जशीच्या तशी लागू होत नाही. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सॅकबरोबर जे पावसाळी आवरण मिळते, ते बाहेरून सॅक झाकते. पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारे पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून आत झिरपते, आणि हरवळ्याच्या धबधब्यापाशी पोचेपर्यंत कोरड्या कपड्यांचा लगदा होतो. हा दोष एका मार्क्याचा नव्हे, सर्वांचाच. उपाय मात्र स्वस्त आहे : सॅकच्या आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी, सामान तिच्यात भरावे आणि तोंडाला पीळ देऊन ते दुमडून टाकावे. पावसाळ्यात व्हाळ ओलांडण्याचा प्रसंग आलाच, तर पाण्यात पाय घालण्यापूर्वी कमरेचे आणि छातीचे बक्कल सोडून ठेवावे. पाय घसरला तर सॅक क्षणात टाकून देता आली पाहिजे. भिजलेली, बांधलेली सॅक माणसाला पाण्याखाली धरून ठेवते. आणि पाणी गढूळ व वेगाचे असेल तर ओलांडूच नये.

एवढ्या विवेचनानंतर निवाडा करणे अवघड नाही. विमानाने वा रेल्वेने येऊन हरमल-मांद्र्यास छपराखाली मुक्काम करणारा, आणि सॅक पाठीवर घेऊन फार तर बसथांब्यापासून खोलीपर्यंत चालणारा जो प्रवासी, त्याला केचुआची तीस-चाळीस लिटरची सॅक उत्तम. विमानात सोबत नेण्याच्या सामानाला देशांतर्गत प्रवासात बहुधा ७ किलोंची मर्यादा असते. ती पाळली तर खांद्यांनाही आपोआप न्याय मिळतो. मये-नार्व्याचा दिवसभराचा फेरफटका करणाऱ्याला वीस लिटर पुष्कळ झाले. परंतु जो तरुण चार-सहा दिवस अंथरूण, शिधा आणि तंबूसह सह्याद्रीत चालणार आहे, त्याने केचुआ हे नाव पाहून थांबू नये. त्याने सांगाडा आणि कमरपट्टा असलेली, आपल्या पाठीच्या मापाची सॅक शोधावी; ती बंगळूरच्या वाइल्डक्राफ्टची असो वा आणखी कोणाची. आणि अशी चाल वर्षातून एकदाच होणार असेल, तर चांगली सॅक भाड्याने घेणे हे वाईट सॅक विकत घेण्यापेक्षा केव्हाही बरे.

राहता राहिला टिकाऊपणा. गोव्यात सॅक चालून झिजते त्यापेक्षा माळ्यावर पडून अधिक मरते. पाणी रोखण्यासाठी कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. उष्ण दमट हवेत हवेतील पाणीच या लेपाचे विघटन करते : प्रथम कुबट वास येतो, मग लेप चिकट होतो, शेवटी पापुद्रे सुटतात. एकदा हे सुरू झाले की दुरुस्ती नाही. आणि महाग सॅकही यातून सुटत नाही. डिचोलीकडच्या वाटांवरची बारीक लाल धूळ चेनच्या दातांत बसून त्यांना कानसते, ती जुन्या दातघासणीने झाडून काढावी. चाल संपवून आल्यावर सॅक साध्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, धुण्याच्या यंत्रात घालू नये, आणि सावलीत वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हाने नायलॉनचा धागा कमजोर होतो. पावसाळ्याचे चार महिने ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटाच्या तळाशी दडपण्याऐवजी, सारे कप्पे उघडे ठेवून, माणसे वावरतात त्या खोलीत खुंटीला टांगावी, आणि आठवड्यातून एकदा आत हात घालून कापड चिकट लागते की काय ते पाहावे.