मोटारीचा पांढरा धूर

हिंवाळ्यांतील सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं एखादी मोटार सुरू झाली म्हणजे तिच्या मागील नळींतून पांढरा धूर निघतांना आमच्या वाचकांनीं अनेकदां पाहिला असेल. पाहणाऱ्यांपैकीं कोणी म्हणतो, "थंडीमुळें आहे, चालायचेंच", कोणी म्हणतो, "इंजिन गेलें!" दोघांचेंही म्हणणें खरें असूं शकतें, आणि त्यांतच सारी अडचण आहे. ज्यांच्या घरीं जुनी मोटार विकत घेतली आहे, अथवा घेण्याचा विचार चालला आहे, त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून हा विषय थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, निर्दोष मोटारसुद्धां पाणी बाहेर टाकीत असते. पेट्रोल हें मुख्यतः कार्बन व हायड्रोजन या मूलद्रव्यांचें बनलेलें असतें. तें जळतांना त्यांतील हायड्रोजनचा हवेंतील ऑक्सिजनशीं संयोग होऊन पाणी तयार होतें. एक लिटर पेट्रोल जळलें असतां जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. पण रसायनशास्त्राच्या तासाला ज्यांचें लक्ष असतें ते विद्यार्थी हा हिशेब स्वतः मांडून पाहूं शकतील. हें पाणी वाफेच्या रूपानें निघून जातें, म्हणून उन्हाळ्यांत तें दिसत नाहीं. थंडींत मात्र तीच वाफ गार सायलेन्सरमध्यें आणि बाहेरच्या गार हवेंत निवते व तिचें धुकें होतें. पहाटे बोलतांना आपल्या तोंडची वाफ दिसते, तोच हा प्रकार. सायलेन्सर नीट तापला कीं, बहुधा दहापंधरा मिनिटांत, हें धुकें विरळ होऊन नाहींसें होतें. त्याची चिंता करण्याचें कारण नाहीं.

इंजिन पुरतें तापल्यावरही दाट पांढरा धूर चालूच राहिला, तर गोष्ट निराळी. इंजिनच्या खालच्या भागास ब्लॉक व वरच्या भागास हेड म्हणतात, आणि दोहोंच्या मध्यें गॅस्केट नांवाचा एक पातळ पत्रा दाबून बसविलेला असतो. त्याच्या एका भोंकांतून पेट्रोलच्या स्फोटाची आग, तर शेजारच्याच भोंकांतून इंजिन गार ठेवणारें पाणी, असे दोन हाडवैरी बोटभर अंतरानें नांदत असतात. इंजिन एकदां भलतेंच तापलें कीं हा शेजार बिघडतो. कित्येक मोटारींत ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचें असतें. आणि सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. मग हेडला बांक येतो, पत्र्यावरील दाब कोठेंतरी कमी पडतो, तेथें तो जळतो आणि पाणी आगीच्या कोठींत शिरतें. यालाच मिस्त्री लोक 'गॅस्केट उडालें' असें म्हणतात. हेडला किंवा ब्लॉकला तडा गेला असतांही हेंच घडतें.

हें सारें आम्ही पदरचे पैसे मोजून शिकलों. 2011 सालच्या डिसेंबरांत आम्हीं नाशिक येथें चौदा वर्षें वापरलेली एक पेट्रोल मोटार घेतली. सकाळीं आठ वाजतां पाहावयास गेलों, तों विक्रेत्यानें गाडी सुरू करून ठेवलेली. "तुमचा खोळंबा नको म्हणून तयार ठेवली," असें तो म्हणाला, आणि आम्हांस त्याच्या अगत्याचें कौतुक वाटलें! बॉनेटला हात लावला असता तर तें बरेंच गरम लागलें असतें. प्रदूषणाचें प्रमाणपत्रही ताजें होतें. परंतु त्या तपासणींत पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलें इंधन मोजतात, पाण्याची वाफ मोजीत नाहींत, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

पुढें रोज सकाळीं पांढरा धूर निघे. आम्ही म्हणूं, नाशिकची थंडीच तशी. तीनचार दिवसांनीं पाण्याची बाटली रिकामी होई. आम्ही ती नळाच्या पाण्यानें भरीत असूं. गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत होती. पाणी जात होतें, पण जमिनीवर थेंब नव्हता; तर मग तें जात होतें कोठें? हा साधा प्रश्न आम्हांस तीन आठवडे सुचला नाहीं.

मुंबईहून परततांना कसाऱ्याच्या घाटांत काटा तांबड्या रेघेवर गेला. गाडी थांबविली आणि आमच्या वडील बंधूंनीं फडकें धरून रेडिएटरचें झाकण फिरविलें. पुढें काय झालें असेल याची कल्पना वाचकांस येईलच. हें झाकण आंतील पाणी बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें एक वातावरण अधिक दाबाखालीं ठेवतें. त्या दाबानें पाणी सुमारें 120 अंशांपर्यंत उकळत नाहीं. झाकण सैल होतांच दाब सुटतो, तेंच पाणी एका क्षणांत उकळतें आणि फवारा उसळतो. दादांचें मनगट कोपरापर्यंत भाजलें. तापलेल्या गाडीचें झाकण कोणींही, विशेषतः मुलांनीं, उघडूं नये. एक तास जाऊं द्यावा. वाट पाहण्याला पैसे पडत नाहींत.

आतां परीक्षेविषयीं. गाडी रात्रभर बंद असावी, आणि ती मोकळ्या जागेंत सुरू करावी. बंद गॅरेजांत नव्हे, कारण कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाहीं व त्याला वासही नसतो. सुरू करण्यापूर्वी पाण्याच्या बाटलीवर खूण करावी व तीच खूण आठवडाभर रोज सकाळीं पाहावी. कोठेंही गळती नसतां पाणी उतरत असेल तर तो सर्वांत बोलका पुरावा होय. धुराला गोडसर वास येतो का, हेंही पाहावें. कूलंटमधील ग्लायकॉलचा तो वास असतो. (हें ग्लायकॉल गोड असलें तरी विषारी आहे, सांडलेलें कुत्र्यामांजरांच्या तोंडीं लागूं देऊं नये.) गार असतांनाच रेडिएटरचें झाकण काढून मग इंजिन सुरू केलें आणि पाण्यांतून बुडबुडे सारखे येऊं लागले, तर आगीचा वायू पाण्यांत शिरत आहे असें समजावें. ऑइलच्या झाकणाखालीं सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्यें पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. मात्र गाडी पावसाळ्यांत जवळच्या जवळच फिरत असली तरी झाकणाला थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिकही काढून पाहावी. निश्चिती हवी असेल तर मिस्त्रीकडून निळ्या द्रवाची परीक्षा करवावी. रेडिएटरच्या तोंडाशीं धरलेला हा द्रव आगीच्या वायूंतील कार्बन डायऑक्साइडमुळें पिंवळा होतो.

धुराचा रंगही नीट ओळखावा. निळसर असेल तर ऑइल जळत आहे. काळा असेल तर इंधन जास्त जात आहे. डिझेलच्या गाडींत डोळ्यांस झोंबणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलें डिझेल, त्याचा गॅस्केटशीं संबंध नसतो. क्वचित् ब्रेकचें ऑइल बूस्टरमधून इंजिनांत ओढलें जाऊनही पांढरा धूर होतो. तशा गाडीवर तर एक मैलही जाऊं नये.

आमच्या गाडीचें हेड उतरविलें तेव्हां गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरपासून शेजारच्या पाण्याच्या भोंकापर्यंत एक बारीक काळी रेघ आढळली. त्याच सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला. वाफेनें तो रोज धुतला जात होता. हेडचें फेसिंग झालें, गॅस्केट नवें बसलें, पाण्याऐवजीं कूलंट भरलें, आणि गाडी पुढें चार वर्षें विनातक्रार चालली.

2016 सालीं आम्हीं ती विकावयास काढली. पाहावयास येणाऱ्या गृहस्थांस सकाळीं सात वाजतां बोलाविलें, आणि ते येईपर्यंत दादांनीं किल्ली खुंटीवरून काढूं दिली नाहीं.