समुपदेशकाकडे जाताना घरच्यांनी काय समजून घ्यावं?

कोंढवा असो, कॅम्प असो की मोमिनपुरा, ताप तीन दिवसांत उतरला नाही तर आपण डॉक्टरकडे जातो. पण मुलगा महिनाभर झोपत नसेल, मुलगी कॉलेजला जायचं टाळत असेल, सून एकटी बसून रडत असेल, तर आपली वाट लांबते. आधी "नमाज नीट पढ", मग "नजर लागली असेल", मग एखादा आमिल. सगळं करून झालं की शेवटी समुपदेशक. तिथेही घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "याला जरा समजावा." गाडी इथेच अडते, कारण समजावणं हे समुपदेशकाचं काम नाही. मग त्याचं काम काय?

दुःख म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे

हजरत याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या विरहात पांढरे झाले, हे सूरह यूसुफमध्ये आलं आहे. एका नबीचं मन इतकं दुखू शकतं, तर आपल्या लेकराचं का नाही? मनाच्या आजाराचा अभ्यासही आपल्याला परका नाही. बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी (निधन इ.स. 934) यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. राग, भीती, उदासी आणि वसवसा यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. माणूस औषधं घरात ठेवतो, तसे चांगले विचारही अडचणीच्या वेळेसाठी जमवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता.

आत नेमकं काय चालतं?

पहिल्या एक-दोन भेटींत समुपदेशक बहुतेक ऐकतो. त्रास कधी सुरू झाला, झोप-भूक कशी आहे, जीव नकोसा वाटतो का, हे तो विचारतो. समोरच्याला यातून काय हवं आहे, हेही विचारतो. घरच्यांना "त्याने इंजिनिअर व्हावं" असं वाटत असेल आणि मुलाला "रात्री झोप लागावी" इतकंच हवं असेल, तर काम झोपेपासून सुरू होतं.

पुढची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. महाराष्ट्रात रुजलेली एक पद्धत म्हणजे अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती. ती इथे आणण्यात मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचं सूत्र सोपं आहे: घटना, त्या घटनेबद्दलचा आपला विचार, आणि त्यातून येणारी भावना.

समजा, दोन मुलं नापास झाली. एकाला वाईट वाटलं, आठवड्याने तो पुन्हा अभ्यासाला लागला. दुसऱ्याने खोलीचं दार लावून घेतलं. घटना एकच आहे. पण दुसऱ्याच्या डोक्यात चाललंय, "मी नापास व्हायलाच नको होतं. आता मी कुचकामी ठरलो. अब्बांची मान खाली गेली." समुपदेशक त्याला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणत नाही. तो विचारतो, "एका परीक्षेने अख्खा माणूस कुचकामी कसा ठरतो?" उत्तर मुलानेच शोधायचं असतं. मग छोटा गृहपाठ मिळतो. उदाहरणार्थ, एका मित्राला निकाल स्वतःहून सांगायचा आणि काय होतं ते पाहायचं. हे एका भेटीत होत नाही, त्याला काही आठवडे लागतात.

दीनचं काय?

समुपदेशक मुफ्ती नाही, आणि चांगला समुपदेशक कोणाच्या श्रद्धेची थट्टाही करत नाही. काहींना वुजू झाला की नाही ही शंका सोडत नाही. दहा-दहा वेळा वुजू, नमाज पुन्हा पुन्हा. हा आजारही असू शकतो. उपचारात शंका आली तरी पुन्हा न धुण्याचा सराव हळूहळू करून घेतात. फिकहचा नियमही हाच आहे, की खात्री शंकेने मोडत नाही. अशा वेळी आलिम आणि समुपदेशक एकाच बाजूला उभे असतात. दुआ करावी आणि उपचारही घ्यावेत; उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्याला ठाऊक आहेच.

"आत काय सांगितलंस?"

आपण सगळ्यात जास्त चुकतो ते इथे. मूल बाहेर आलं की रिक्षातच चौकशी सुरू. काही जण समुपदेशकालाच फोन करतात, "आमच्याबद्दल काय बोलली?" मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. जीवाला धोका असेल तर अपवाद आहे. ही गुप्तता घरच्यांच्या विरोधात नसते. सांगितलेलं घरी पोचणार हे कळलं, की माणूस खरं बोलणं थांबवतो आणि उपचार तिथेच संपतो. आपल्याकडे अमानत म्हणतात, ती हीच.

म्हणजे घरच्यांनी बाजूला बसायचं का? नाही. येरवड्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे पाहा. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. नवरा आत काय बोलला हे विचारण्यासाठी तो नाही. त्या बाईने स्वतः जे सोसलं, ते बोलायला जागा मिळावी म्हणून आहे. आईबापांनाही त्रास होतोच. त्यांनी आपली वेळ वेगळी मागून घ्यावी.

कुठे जायचं?

औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर; समुपदेशक बोलण्यातून काम करतो. कधी दोघांचीही गरज लागते, म्हणून समुपदेशकाने डॉक्टरकडे पाठवलं तर घाबरू नका. त्याचं शिक्षण आणि अनुभव विचारायला लाजू नका. पुण्यात ससून रुग्णालयात आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात सरकारी सोय आहे. 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. कोणी मरणाच्या गोष्टी करत असेल तर थांबू नका, एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आणि भेट संपवून तो बाहेर आला की विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, "भूक लागली का?" बाकीचं त्याला वाटेल तेव्हा तो स्वतः सांगेल.