तलावाकाठचा विहार आणि आपले चिकित्सापत्र

आहार, औषध आणि विहार ही त्रयी आपण रुग्णास नित्य सांगतो. पैकी आहाराचे पथ्य तपशीलवार लिहिले जाते, औषधाची मात्रा आणि अनुपान स्पष्ट असते. विहाराच्या रकान्यात मात्र ‘रोज चालणे’ एवढेच दोन शब्द येतात. नारपोलीत व्यवसाय करताना या दोन शब्दांचा फोलपणा एका प्रमेही भगिनीने मला दाखवून दिला. कागद हातात घेऊन ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टरसाहेब, चालू म्हणता; पण चालू कुठे?”

प्रश्न रास्त होता. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. नारपोलीत घर आणि कारखाना यांच्यामध्ये अनेकदा केवळ एक भिंत असते. मागांचा खडखडाट, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, सायझिंगच्या धुराड्यांचा धूर आणि अरुंद रस्त्यांवरून मालाची वाहतूक करणारे टेम्पो, अशा परिसरात मध्यमवयीन स्त्रीने कोठे चालावे? 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले, तेव्हा आपल्या गल्लीत रात्री इतकी शांतता असू शकते हे येथील कित्येक मुलांना प्रथमच कळले.

जवळच असलेला आधार

नारपोलीपासून जवळच, कामतघर भागात वऱ्हाळा तलाव आहे. वऱ्हाळदेवीच्या मंदिरामुळे त्यास वऱ्हाळदेवी तलाव असेही म्हणतात. सकाळी काठावर गेले की वारा लागतो आणि दृष्टी दूरवर जाते. वृद्ध मंडळी बसलेली असतात, आया मुलांना घेऊन येतात, रात्रपाळी संपवून आलेला कामगार घटकाभर पाण्याकडे पाहत बसतो. एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबास हा काठ म्हणजे घराचे अंगणच होय. दुकाने, शाळा, दवाखाने या सोयी पैसा आला की उभ्या राहतात. असे जलाशय मात्र एकदा गमावल्यास पुन्हा मिळत नाहीत.

त्या भगिनीस मी काठावरचा मार्ग, वेळ आणि मर्यादा लिहून दिली. सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णास अनवाणी शंभर योजने चालण्यास वा विहीर खणण्यास सांगितले आहे आणि त्याच वेळी कृश रुग्णाचे सतत रक्षण करावे असेही बजावले आहे. म्हणून व्यायाम अर्धशक्तीने, कपाळावर घाम येऊन श्वास तोंडावाटे होऊ लागेपर्यंतच. ग्रीष्म व वर्षा ऋतूंत त्याहूनही कमी.

मात्र हाच सल्ला बारा तास मागावर उभे राहिलेल्या कामगारास देणे म्हणजे आधीच वाढलेल्या वातात भर घालणे. त्यास चालणे नको, विश्रांती हवी. पाण्याकाठी शांत बसावे आणि घरी पादाभ्यंग करावा, हाच त्याचा विहार. जागा एकच, प्रकृती, बल आणि वृत्ती पाहून तिचा उपयोग भिन्न.

काठ बिघडला तर

पुढे त्या भगिनीचे चालणे खंडित झाले. गणेशविसर्जनानंतरच्या दिवसांत काठावरील निर्माल्याच्या वासाने तिला मळमळू लागले आणि ती घरीच राहिली. औषध तेच होते, पथ्यही तेच होते. विहार मात्र बंद पडला. तिच्या कागदावर मी काय बदलणार होतो?

येथे चरकाचार्यांचा जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आठवतो. वायू, उदक, देश आणि काल बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगी होतात. दूषित उदकाची लक्षणे सांगताना आचार्य विकृत गंध, वर्ण, रस व स्पर्श एवढ्यावर थांबत नाहीत. जलचर पक्ष्यांनी सोडून दिलेले आणि ज्यातील जलजीव क्षीण झाले आहेत असे पाणी दूषित जाणावे, असे सांगतात. ही परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या गावच्या तळ्यावर गेल्या वर्षी दिसणारे बगळे, पाणकावळे यंदा दिसतात का, एवढे वैद्याने पाहावे.

सुश्रुतांनी गढूळ पाणी निवळण्याची सात साधने दिली आहेत; त्यांत निवळीचे बी आणि वस्त्रही येते. तथापि निवळलेले पाणी शुद्ध झाले असे समजू नये. ते उकळणे आवश्यकच. प्लास्टर ऑफ पॅरिस, रासायनिक रंग आणि सांडपाणी यांवर तर निवळीचा उपाय नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि 2020 मध्ये त्या सुधारल्या. शाडूची लहान मूर्ती, कृत्रिम हौद आणि निर्माल्यासाठी वेगळा कलश हे मार्ग आता सर्वांस ठाऊक आहेत. श्रद्धेस बाध न आणता ते सांगण्याचा अधिकार वैद्याइतका क्वचितच कोणास असेल, कारण आपला शब्द घराघरांत मानला जातो.

आपण काय करावे

वैद्यबंधू-भगिनींनी चिकित्सापत्रावर ‘चालणे’ असे न लिहिता कोठे, केव्हा आणि किती हे लिहावे. त्यासाठी परिसरातील तळे, मैदान, मंदिराचे आवार स्वतः एकदा पाहून यावे. औषधविक्रेत्या बंधूंनी गणेशोत्सवापूर्वी दुकानात निर्माल्यविषयक छोटा फलक लावावा आणि निवळीचे बी मागणाऱ्यास पाणी उकळण्याचीही आठवण द्यावी. आपल्या शाखांनी वर्षातून एकदा काठस्वच्छतेस हातभार लावावा.

दिवाळीनंतर काठ पुन्हा स्वच्छ झाला आणि ती भगिनी चालू लागली. त्या कालावधीत मी तिच्या औषधात काहीही बदल केला नव्हता. तिच्या चिकित्सेचा एक भाग माझ्या औषधालयाबाहेर, त्या तळ्याच्या काठी आहे, हे मात्र मला उमगले. त्या काठाची काळजी घेणे हेही आपल्या व्यवसायाचेच अंग होय.