श्वासनलिकेभोवतीचा वेढा

सोलापूर–हैदराबाद मार्गावरील जळकोटसारख्या गावात तान्हे मूल घरघरू लागले, की कफ किंवा बाळदमा असे नाव ठेवून इलाज सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो तर्क चुकीचाही नसतो. परंतु जी घरघर जन्मापासून आहे, सर्दी ओसरली तरी हटत नाही, दूध पिताना वाढते, मूल मान मागे टाकून निजले की उणावते आणि आईने ती मान पुढे वळवताच पुन्हा बळावते, तिचे मूळ फुप्फुसात नसून हृदयाजवळील रक्तवाहिन्यांत असण्याचा संभव असतो.

गर्भावस्थेत महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानी प्रारंभी दोन्ही बाजूंस असतात. पुढे उजवीचा मागचा भाग लोपतो. तो टिकला, तर दोन्ही कमानी श्वासनलिका व अन्ननलिका यांना वेढून पाठीमागे एकत्र येतात आणि त्यांना आवळतात. असा वेढा नसतानाही दाब येऊ शकतो : हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असल्यास फुप्फुसांकडे अतिरिक्त रक्त जाते, त्यामुळे फुगलेली फुप्फुसरोहिणी व डावे अलिंद डाव्या श्वासवाहिनीवर भार टाकतात, आणि त्याच बाजूस न्यूमोनिया वारंवार उद्भवतो.

मूल निळे पडत नाही, सबब हृदय निर्दोष, हा समज म्हणूनच ग्राह्य नाही. इकोमध्ये हृदय दिसते, पण हवेने भरलेली श्वासनलिका नीट दिसत नाही; कोणती वाहिनी कोठे दाबते याचा उलगडा सीटी अँजिओग्राफीने आणि श्वासनलिकेत दुर्बीण घालून होतो. दम्याच्या पंपाने हा वेढा सैल होत नाही. आणि काही घरांत बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे चटके देतात, ती तर निव्वळ क्रूरता आहे.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच घरचे धास्तावतात. पण ही शस्त्रक्रिया नवखी नाही : बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ साली असा वेढा यशस्वीपणे छेदला. दुहेरी कमानीचा अरुंद भाग छेदताना बहुधा हृदय थांबवावेही लागत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोषावर शस्त्रक्रियेपर्यंत विनामूल्य उपचारांची तरतूद आहे. तपासणीस येणाऱ्या पथकापुढे ही घरघर, विशेषतः दूध पिताना ती वाढते हे, आईने आवर्जून सांगावे.

वेढा सुटल्यावरही दीर्घकाळ दबलेली कूर्चा मऊच राहते, म्हणून आवाज काही महिने ऐकू येतो. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे मानून पुढील तपासण्या चुकवू नयेत.