घाटावरची पहाट आणि दूरगावचा श्रोता

दिवाळीच्या सुटीत नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे माणसांनी भरून जातात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या रेल्वेगाड्यांची आरक्षणे केव्हाच संपलेली असतात, खासगी गाड्यांची भाडी चढलेली असतात, आणि तरीही प्रत्येक घरातले कुणी ना कुणी यायचे राहतेच. कुणाला रजा मिळत नाही, कुणाची रुग्णालयात पाळी असते, कुणी सातासमुद्रापलीकडे असते. या न आलेल्यांसाठी गावातले कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दाखविण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. करोनाकाळात २०२०च्या नवरात्रात राज्यातील मंदिरे बंद होती. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्या काळात घरबसल्या दर्शनाची जी सवय लागली, ती पुढेही टिकली.

नवरात्रातील आरती, दिवाळी पहाट, सप्ताहातील काल्याचे कीर्तन, यात्रेतील कुस्त्या असे सारेच आता दिसू लागले आहे. मोबाइल स्टँडवर चढविला की प्रक्षेपण सुरू. पण पडद्याच्या कोपऱ्यातील प्रेक्षकसंख्या अनेकदा तीस-चाळिसांवरच अडखळते, आणि त्यातही मंडळाचेच कार्यकर्ते बरेच असतात. मग कॅमेरा आणखी चांगला हवा होता, अशी हळहळ होते. दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. आपला प्रेक्षक कोण, त्या घटकेला तो कुठे असेल आणि काय करीत असेल, याचा विचारच झालेला नसतो.

हा विचार आपोआप घडून आलेले एक स्थान नांदेडमध्येच आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये येथे ज्योतीज्योत समावले. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला देशोदेशीचे भाविक येथे लोटले होते. दसऱ्याचा हल्लामहल्ला आणि दिवाळीचे तख्तस्नान हे येथील खास सोहळे. तख्तस्नानासाठी गोदावरीचे पाणी घागरींनी आणले जाते. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून येणाऱ्यांना हे प्रत्यक्ष पाहता येते. पंजाबात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या बाकीच्यांसाठी पडदाच असतो. पण दिवाळीचा सोहळा पाहायला बसणाऱ्याने येथील कीर्तन आणि आरती एरवीही ऐकलेली असते. प्रक्षेपण कुठे पाहायचे हे त्याला शोधावे लागत नाही. सणाची गर्दी रोजच्या सवयीतून वाढते. वर्षभर मौन पाळून नरकचतुर्दशीच्या पहाटे एकदम अवतरणाऱ्या वाहिनीला हे भाग्य कोठून लाभणार?

पत्त्याचे महत्त्व किती असते, ते अमृतसरच्या उदाहरणावरूनही कळते. सुवर्णमंदिरातील गुरबाणीचे प्रक्षेपण अनेक वर्षे एका खासगी दूरचित्रवाणी वाहिनीकडे होते. त्यावरून मोठा वाद झाला आणि जुलै २०२३ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने यूट्यूबवर स्वतःची वाहिनी सुरू केली. प्रक्षेपण ज्याच्या नावावर, प्रेक्षकही त्याचाच होतो. आपल्याकडे मात्र या वर्षी अध्यक्षांच्या खात्यावरून, पुढच्या वर्षी त्यांच्या भाच्याच्या, असा प्रकार चालतो. मग गेल्या वर्षी जमलेले दोनशे श्रोते या वर्षी कुठे गेले, हे कुणालाच कळत नाही.

आता दिवाळी पहाट घेऊ. नांदेडला गोदावरीच्या बंदाघाटावर ती होते. अशा मैफली लातूरलाही रंगतात. पहाटे साडेपाच ही वेळ गावासाठी उत्तम. पण पुण्यातल्या मुलाच्या घरी त्या वेळी काय चाललेले असते? उटणे, तेल, बंबातले पाणी, मुलांची गडबड, फराळाची ताटे. दोन तास पडद्यापुढे बसायला कुणालाच सवड नसते. मोबाइल ओट्यावर किंवा खिडकीत ठेवलेला असतो आणि कार्यक्रम कानाने चाललेला असतो, नरकचतुर्दशीला आकाशवाणीवरचे कीर्तन पूर्वी घरोघर चालत असे तसा. या श्रोत्याला चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा वाटतो, आणि आवाजाकडेच आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष असते. मोबाइलचा अंगचा माइक गायकापेक्षा शेजारच्या खुर्चीतील गप्पा अधिक चोख टिपतो. नदीकाठी वाऱ्याची घरघर वेगळीच. ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून एक तार थेट प्रक्षेपणाच्या यंत्रात घेतली, तर फारशा खर्चाविना निम्मे दुखणे बरे होते.

परदेशातील श्रोत्याचे गणित याच्या अगदी उलट आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे मागे जातात. त्यानंतर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. दिवाळी त्याआधी आली तर आठ. म्हणजे आपली दिवाळी पहाट ही तेथील माणसाची निवांत संध्याकाळ असते. दोन तास बसून ऐकेल असा श्रोता तोच. त्याच्यासाठी चित्रही हवे. लंडनमध्ये मात्र तेव्हा मध्यरात्र असते. तिथल्या श्रोत्याला दुसऱ्या दिवशी ध्वनिचित्रफीतच उपयोगी. उलट हुजूर साहिबची सायंकाळ सातची वेळ म्हणजे हिवाळ्यातील कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच, भाविक शिखाची अमृतवेळाच. निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची दहा नावे छापली जातात; तेथेच या तीन-चार शहरांच्या वेळा छापायला काय हरकत आहे?

लातूरकराला काय पाहावेसे वाटेल, हा निराळा प्रश्न. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात आणि मधोमध जगदंबेचे मंदिर आहे. दिवाळीत तेथील फुलांचे ढीग, पणत्या-बोळक्यांची दुकाने आणि गर्दी हाच परगावी गेलेल्याच्या आठवणीतला सण. एखाद्या गच्चीवर कॅमेरा रोखून लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ तीन तास नुसती दाखविली, सूत्रसंचालनाविना, तरी मला वाटते ती कित्येक मैफलींपेक्षा जास्त पाहिली जाईल. मैफल कुठेही ऐकता येते, गोलाई लातूरलाच आहे.

कुस्तीचे तसे नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तिचा घोडेबाजार प्रसिद्ध आहे आणि कुस्त्यांचा फडही रंगतो. नाताळच्या सुटीच्या आगेमागेच हे दिवस येतात. निकाल आधी ठाऊक नसलेली गोष्ट थेटच पाहावी लागते, म्हणून प्रक्षेपणाला कुस्तीसारखा दुसरा विषय नाही. पण मुख्य जोडी कोणती आणि ती साधारण किती वाजता लागणार, हे आधी जाहीर होत नाही. पाहणारा दुपारी बारापासून वाट पाहतो आणि तीनला कंटाळून निघून जातो.

यंत्राचेही थोडे सांगायला हवे. प्रक्षेपणाला इंटरनेटचा वेग लागतो तो माहिती वर चढविण्याचा. चित्रपट उतरवून घेतानाचा वेग पाहून फसू नये. ७२० ओळींच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट सलग मिळाले तरी भागते; १,०८० ओळींचा हट्ट धरला तर यूट्यूबची शिफारस सुमारे १० मेगाबिटची आहे. यात्रेत हजारो मोबाइल एकाच मनोऱ्यावर तुटून पडतात आणि सकाळच्या तालमीत मिळालेला वेग संध्याकाळी उरत नाही. शक्य तेथे जवळच्या दुकानातून ब्रॉडबँडची तार घ्यावी. नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे हाताशी असू द्यावीत. प्रक्षेपण तुटले तर त्याच पानावर ते पुन्हा जोडावे. घाईने नवे पान उघडले की जुना दुवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत राहतो आणि श्रोता काळ्या पडद्यापुढे बसून राहतो. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाचे पान काही दिवस आधीच तयार करता येते. दुवा तेव्हाच वाटावा.

नियमांची माहिती अनेकांना ऐनवेळी होते. यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण करायचे तर परवानगी सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. मोबाइलवरून करायचे तर वाहिनीचे किमान ५० वर्गणीदार हवेत. जुलै २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलाला एकट्याने प्रक्षेपण करता येत नाही. मंडळाची वाहिनी नववीतल्या हुशार मुलाकडे सोपविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. इन्स्टाग्रामनेही २०२५ मध्ये किमान एक हजार अनुयायांची अट घातली. स्वरहक्काचा प्रश्न तर त्याहून नाजूक. कार्यक्रमापूर्वी ध्वनिक्षेपकावर लावलेले चित्रपटगीत यंत्रणा आपोआप ओळखते आणि सारे प्रक्षेपणच थांबू शकते. मंचावर गाणाऱ्या कलावंतालाही १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याने स्वतःचे हक्क आहेत. मानधनाच्या पाकिटाबरोबर प्रक्षेपणाची लेखी संमती घेणे हे सौजन्यही आहे आणि शहाणपणही.

घरबसल्या दिसू लागले तर घाटावरच्या खुर्च्या रिकाम्या राहतील, अशी भीती संयोजक बोलून दाखवितात. ती मला पटत नाही. जो पाहतो आहे तो तीनशे-साडेचारशे किलोमीटरवर आहे. खुर्चीवर तो येणारच नव्हता. पुरस्कर्त्या सराफाला किंवा साडीच्या दुकानदाराला सांगायच्या आकड्याची मात्र काळजी घ्यावी. पानावरून बोट फिरवताना क्षणभर थबकलेला माणूसही ‘पाहिले’च्या संख्येत धरला जाऊ शकतो. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण होते आणि सरासरी किती मिनिटे थांबले, हे दोन आकडे खरे. ते लहान असले तरी दरवर्षी ताडून पाहता येतात.

राहिला प्रश्न नंतरचा. भाऊबीज आटोपून पुण्याला निघालेली बस रात्रभर धावते आणि प्रवाशाच्या हाती मोबाइल असतो. त्या संध्याकाळपर्यंत मैफलीतील निवडक गाणी वेगळी करून ठेवली तर ती वाटेत ऐकली जातात. यूट्यूब बारा तासांहून लांब थेट प्रक्षेपण जतन करीत नाही, म्हणून दिवसभराच्या यात्रेचे मध्येच दोन भाग पाडावेत. फेसबुकने २०२५ पासून थेट चित्रण तीस दिवसांनी काढून टाकण्यास सुरुवात केली आहे. दिवाळी पहाटेचे तेथले चित्रण वेळीच उतरवून घेतले नाही, तर माळेगावची यात्रा भरेपर्यंत ते नाहीसे झालेले असते.