जुन्या पिकअप गाडीची धूरनळी : आधी मार्ग ओळखावा, मग दुरुस्ती करावी

नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड भागातील संत्री कळमन्याच्या बाजारात आणणे, वेचलेला कापूस जिनिंगवर पोहोचविणे, रामटेक-मौदा भागातील धान गिरणीवर नेणे, ही कामे पूर्वी बैलगाडीवर अवलंबून असत. १९८६ साली टाटा ४०७ आणि २००५ साली टाटा एस बाजारात आली. महिंद्राच्या पिकअप गाड्याही खेडोपाडी पोहोचल्या. आज अनेक शेतकऱ्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असते. ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते, आणि तिच्या पोटाखालची धूरनळी, म्हणजे बोलीभाषेतील ‘सायलेन्सरची लाइन’, निरनिराळ्या मिस्त्रींनी वेळोवेळी कापलेली व जोडलेली असते. नळीचा मूळ भाग कोणता आणि मागाहून बसविलेला कोणता, हे न ओळखता तशीच नवी नळी घातल्यास जुनी चूक कायम राहते. म्हणून दुरुस्तीपूर्वी नळीचा संपूर्ण मार्ग समजून घेणे अगत्याचे आहे.

धुराचा प्रवास

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा धूर प्रथम मॅनिफोल्ड या बिडाच्या भागात एकत्र येतो. टर्बो असलेल्या इंजिनात तो पुढे टर्बोतून जातो. त्यानंतर खाली उतरणारी नळी, लवचीक जाळीदार जोड, सायलेन्सर व शेवटी शेपटीची नळी, असा साधारण क्रम असतो. भारत स्टेज मानके जसजशी कडक होत गेली, तसतसा या मार्गात धूर शुद्ध करणारा डबाही आला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मधील डिझेल गाड्यांची रचना याहून पुष्कळ गुंतागुंतीची असून ते काम अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावे. ज्या गाडीत मुळात शुद्धीकरणाचा डबा आहे, त्यातून तो काढून जागी रिकामी नळी बसवू नये.

सर्व गाड्यांची मांडणी एकसारखी नसते. बॉनेटखाली इंजिन असलेल्या पिकअपमध्ये नळीला गाडीची जवळजवळ सर्व लांबी ओलांडावी लागते. टाटा एसमध्ये इंजिन बैठकीखाली असल्याने धुराचा मार्ग आखूड होतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून नव्हे, तर त्याच नमुन्याच्या व त्याच सुमाराच्या गाडीवरून अंदाज बांधावा.

प्रत्येक वळणाला कारण असते

नळी वाकडी दिसली म्हणून ती सरळ करण्याचा मोह होतो. परंतु एखादे वळण डिझेलची टाकी टाळण्यासाठी, एखादे जॉइंट शाफ्टला जागा ठेवण्यासाठी, तर एखादे मागच्या ॲक्सलवरून जाण्यासाठी दिलेले असते. हौद्यात भार पडला व चाक खड्ड्यात आदळले की पाटे दबतात आणि ॲक्सल वर येतो. रिकाम्या गाडीत पुरेशी वाटणारी जागा भरल्या गाडीत उरत नाही. यासाठी नवी नळी बसविल्यावर गाडीत माल भरून अंतर पुन्हा पाहावे.

रबरी हँगरचेही तसेच आहे. इंजिन रबरी गादीवर बसलेले असल्याने सुरू होताना व भार घेताना ते हलते. हँगर तुटला म्हणून नळी थेट चासीला वेल्डिंगने पक्की केल्यास त्या हालचालीचा सारा ताण मॅनिफोल्डच्या जोडावर येतो. मग गॅस्केट फुटते किंवा बीड तडकते. काही रुपयांचे रबर वाचविण्याच्या नादात महागडा भाग गमवावा लागतो.

कायद्याची मर्यादा

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या मांडणीस मर्यादा घातल्या आहेत. नियम ११२ अन्वये धूर खाली किंवा डाव्या बाजूस न सोडता मागे अथवा उजवीकडे सोडावयाचा असतो, कारण आपल्याकडे पायी चालणारे गाडीच्या डाव्या अंगास असतात. नियम ११३ नुसार धूरनळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरपेक्षा जवळ असता कामा नये. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीपूर्वी या दोन गोष्टी घरीच पाहून घेता येतात.

आग आणि विषारी वायू

भार घेऊन चढ चढताना मॅनिफोल्डपाशी धुराचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. कापूस सुमारे ४०० अंशांच्या आसपास पेट घेतो आणि तापलेल्या भागाला बराच वेळ चिकटून राहिल्यास त्याहून कमी उष्णतेतही धुमसू लागतो. हौद्याच्या फटीतून पडलेला कापूस, नळीत अडकलेले तणस, उभ्या गाडीखालचे वाळलेले गवत, ही सर्व धोक्याची ठिकाणे होत. मूळ गाडीत नळी व हौदा यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा असल्यास तो भंगारात टाकू नये. गरम गाडी गंजीजवळ किंवा गवतात उभी करू नये.

दुसरा धोका दिसत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट बांधला जातो. पेट्रोलच्या मानाने डिझेलच्या धुरात तो कमी असला, तरी बंद केबिनमध्ये त्याचा भरवसा धरू नये. केबिनखाली जोड गळत असेल, किंवा शेपटीची नळी हौद्याच्या मध्येच तोडलेली असेल, तर धूर तळाशी साचतो आणि गिअर व पेडलच्या फाटक्या रबरांतून आत शिरतो. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची चिन्हे होत. ती जाणवताच गाडी थांबवून मोकळ्या हवेत यावे. लिलावाची वाट पाहत थंडीच्या रात्री इंजिन सुरू ठेवून केबिनमध्ये झोपणे कटाक्षाने टाळावे.

मार्ग शोधण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. चाकांना दगड लावावे. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड अथवा रुंद लाकडी ठोकळे चासीखाली द्यावे. प्रथम साचलेली काळी माती खरवडून काढावी. ती ओल धरून ठेवते व सायलेन्सर बाहेरून गंजवते.

मग मॅनिफोल्डपासून आरंभ करून मागे जावे आणि वहीत साधे रेखाचित्र काढावे. त्यात प्रत्येक जोड, वळण, हँगर व त्यांमधील अंतर लिहावे. चासीवर रिकामे हँगरचे कान किंवा न वापरलेली भोके दिसल्यास मूळ नळी तेथून जात होती असे समजावे. जुन्या वेल्डिंगच्या जागीही खूण करावी. नळीची जाडी मोजण्यास सुताचा दोरा पुरतो. स्वच्छ भागाभोवती दोरा गुंडाळून लांबीस ३.१४ ने भागावे. १६ सेंटिमीटर आल्यास नळी सुमारे ५१ मिलिमीटर, म्हणजे दोन इंची होय. त्याहून अरुंद नळी घातल्यास धूर कोंडतो, ओढ कमी होते व डिझेल अधिक लागते.

गळती काजळीच्या काळ्या डागांवरून ओळखता येते. थंड इंजिन सुरू करून, गाडीखाली न शिरता, शेपटीच्या तोंडावर जाड कापड क्षणभर धरल्यास गळक्या जोडातून फुसफुस ऐकू येते. सायलेन्सरच्या तळाचे बारीक भोक मात्र गळती समजून बुजवू नये. काही सायलेन्सरांत ते आतील पाणी निघण्यासाठीच ठेवलेले असते.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी आणि डिझेलची टाकी व नळ्या दूर अथवा सुरक्षित केल्याची खात्री करावी. काम संपल्यावर रेखाचित्र गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. आंबिया बहाराची तोड व कापसाची वेचणी सुरू होण्यापूर्वी, दरवर्षी त्यावरून एकदा तपासणी केल्यास ऐन हंगामात गाडी अडत नाही आणि मिस्त्रीला नेमके काय हवे ते सांगता येते.