असईची फौज रंगवताना

मराठी फौजेवर पानंच्या पानं लिहिता येतात, आणि तरीही सैनिकाच्या अंगातला डगला कुठल्या रंगाचा होता, पट्टा काळा होता की पांढरा, डोक्याला काय बांधलं होतं, हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागत नाही. जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा सैनिक हातात घेऊन रंगवायला बसलं, की यातलं काहीच टाळता येत नाही. ब्रश टेकवण्याआधी उत्तर लागतं. टेबलावर मांडायची छोटी फौज रंगवण्याच्या छंदाने मला दिलेला सर्वांत मोठा धडा हाच आहे: आपल्याला काय ठाऊक नाही, ते हा छंद नेमकं दाखवून देतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेली असईची लढाई रंगवायला घेतली, तेव्हा हा धडा पुरता पटला.

खेळण्यातून छंदाकडे

अठराव्या शतकात न्यूरेंबर्गचे कारागीर कथिलाचे चपटे सैनिक ओतत आणि ते युरोपभर विकले जात. 1893 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक बनवायला सुरुवात केली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांत सैन्यं उभी राहिली. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांनी लढाई खेळायचे नियम मांडले. खऱ्या युद्धापेक्षा माणसांनी हे युद्ध खेळावं, असं त्यांचं कळकळीचं सांगणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. 1962 मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ने प्रौढांच्या छंदाला बळ दिलं. 1975 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉपने 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ आणून कल्पित जगांच्या फौजा घरोघरी नेल्या. ऐतिहासिक लढाया मांडणाऱ्यांची परंपरा मात्र त्यांच्या शेजारी चालूच राहिली. 28 मिलिमीटर आणि 15 मिलिमीटर ही या छंदातली आज रुळलेली मापं.

हाताची शिस्त

पहिलं काम रंगाचं नसतंच. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे सैनिकाच्या अंगावर बारीक रेघ उमटते. ती चाकूने खरवडून काढावी लागते, नाहीतर रंग चढल्यावर ती जखमेसारखी दिसते. मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. तो स्प्रेने मारायचा असेल तर आपल्याकडचा पावसाळा वैरी ठरतो. हवेत दमटपणा असला की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि शेवटचं वॉर्निश दुधाळ पडतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा दिवस गाठायचा, किंवा प्रायमर सरळ ब्रशने लावायचा.

अॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोन हात द्यायचे. एकाच जाड हाताखाली चेहऱ्याचं कोरीव काम बुजून जातं. रंगवण्याचा क्रम आतून बाहेर: आधी त्वचा, मग कपडे, मग पट्टे आणि बंदूक. सैनिक एकेक करून पूर्ण करत बसलं तर फौज कधीच उभी राहत नाही. दहा-दहाचा गट घ्यायचा आणि सगळ्यांचा एकच रंग एका बैठकीत उरकायचा.

खरी गंमत लाल डगल्यात आहे. सपाट लाल रंग दिला तर सैनिक प्लॅस्टिकचा दिसतो. एवढ्या लहान आकृतीवर कापडाच्या चुणीची सावली डोळ्याला जाणवेल इतकी गडद पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. आधी तपकिरीकडे झुकणारा गडद लाल. त्यावर पातळ वॉश, जो आपोआप चुण्यांत उतरतो. मग उंचवट्यांवर मूळ लाल, आणि खांद्याच्या, कोपराच्या कडेला त्याहून उजळ, नारिंगीकडे जाणारी एक रेघ. हातात धरून पाहिलं तर ही रेघ भडक वाटते. टेबलावर ठेवून हातभर लांबून पाहिलं की तीच कापड वाटते. खऱ्या डगल्याचा रंग तसाच्या तसा लावला तर तो लांबून काळपट आणि मेलेला दिसतो. दिसणं आणि असणं यांतलं हे अंतर भरून काढणं म्हणजेच या कलेतलं कौशल्य.

हरलेल्यांचा पोशाख

असईला इंग्रजांचा सेनापती असलेल्या वेलस्लीकडच्या 74व्या हायलँड पलटणीच्या कॉलर-कफांचा रंग पांढरा, 78वीचा फिका पिवळसर. इंग्रजांच्या बाजूचं असं सगळं नोंदलेलं आहे. दौलतराव शिंद्यांच्या पायदळाकडे वळलं की शोध सुरू होतो.

आपल्या मनातला मराठी सैनिक बराचसा दिवाळीच्या किल्ल्यावरून आलेला आहे: मातीचा मावळा, ढाल, तलवार, पगडी. तो सतराव्या शतकातला. असईला उभं असलेलं शिंद्यांचं कवायती पायदळ वेगळंच होतं. महादजी शिंद्यांनी सॅवॉयच्या बेन्वा द बॉयनकडून ते उभं करवून घेतलं. त्याच्यासाठी आग्र्याला तोफा ओतल्या जात. असईच्या मैदानावर या पायदळाचं नेतृत्व हॅनोव्हरचा पोलमन करत होता आणि बेगम समरूच्या पलटणीही त्यात होत्या. या कवायती शिपायांचा पोशाख ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवरचा, लाल डगल्याचा. द बॉयनच्या पलटणींच्या निशाणावर तर त्याच्या मुलखाचा पांढरा क्रूस असे.

हे पुस्तकात वाचलं तेव्हा ती एक माहिती होती. दोन्ही फौजा रंगवून समोरासमोर ठेवल्या तेव्हा तिचा अर्थ लागला. दोन्हीकडे लाल डगले. वेलस्लीच्या पायदळात बहुसंख्य शिपाई मद्रास पलटणींचे, त्यामुळे दोन्हीकडच्या चेहऱ्यांसाठी तपकिरी रंगाच्या त्याच बाटल्या उघडल्या जातात. घोडदळ रंगवताना तर कोडंच पडतं. वसईच्या तहानंतर पेशवा इंग्रजांच्या बाजूला होता, त्याचे स्वार वेलस्लीबरोबर होते. तेव्हा तोच मराठी स्वार टेबलाच्या दोन्ही कडांना ठेवावा लागतो. ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ ही आपली सरधोपट मांडणी रंगाच्या पहिल्याच बैठकीत मोडते.

टेबलावरचा हिशेब

फौज मांडायची तर प्रमाण ठरवावं लागतं. एका आकृतीमागे 30 माणसं धरली, तर पोलमनच्या सुमारे 10,800 पायदळासाठी 360 आकृत्या लागतात आणि वेलस्लीच्या साधारण साडेचार हजार कवायती सैन्यासाठी 150. जमीन भोकरदनच्या परिसराची, केळना आणि जुई या नद्यांमधली. महिना सप्टेंबर, म्हणून बेसवर वाळू नव्हे, तर काळी माती आणि पावसाळ्याअखेरचं हिरवं गवत. केळनेच्या काठी समोरासमोरची दोन गावं पाहून इथे उतार असणारच असं वेलस्लीने ताडलं आणि तिथूनच सैन्य पार नेलं. नदी आणि गावं टेबलावर मांडली की त्या तर्काचं मोल कळतं. पोलमनने तितक्याच सफाईने आपली रांग वळवून त्याच्या समोर आणली, याचंही.

मग लढाई खेळली जाते, आणि आकृत्या उचलाव्या लागतात. इंग्रजांच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584. आपल्या प्रमाणात त्या 53 आकृत्या, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. 74व्या पलटणीने चारशेहून अधिक माणसं गमावली. टेबलावर तिच्या जेमतेम सतरा आकृत्या होत्या, त्यांतल्या चौदा जातात. ज्या चेहऱ्यांवर आपण डोळे ताणून भुवया काढल्या, ते एकेक करून डब्यात ठेवताना आकडा नुसता आकडा राहत नाही.

शिंद्यांच्या बाजूला हा हिशेबच नीट मांडता येत नाही. तिथली हानी अंदाजांवर उभी आहे. तोफा मात्र मोजल्या गेल्या: 98 तोफा इंग्रजांनी घेतल्या. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तिथेच कापले गेले. काहीजण मेल्यासारखे पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढे सरकल्यावर उठून त्यांनी तोफा वळवल्या आणि पाठीमागून मारा केला. एवढ्या हिमतीच्या माणसांची नावं आपल्याजवळ नाहीत आणि त्यांच्या अंगावर नेमकं काय होतं, हेही पूर्ण खात्रीने रंगवता येत नाही.

वेलस्लीची फौज रंगवायला हवं ते सगळं हाताशी मिळतं. शिंद्यांची फौज रंगवायला मात्र तुकडे जोडत बसावं लागतं. हे काम परक्यांनी करून द्यावं, अशी वाट पाहण्याचं कारण नाही. मोडी कागद वाचणारे, जुन्या चित्रांतल्या पगड्या ओळखणारे, चित्रकलेचे विद्यार्थी आणि किल्ले करणारी मुलं, हे सगळे आपल्याकडेच आहेत. त्यांनी एकत्र बसून 1803 च्या एका गोलंदाजाचा डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख पुराव्यानिशी ठरवला, आणि त्याचा साचा केला, तर पुढच्या दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी मावळ्याच्या जोडीला तोही उभा राहू शकेल. मुलं विचारतील, हा कोण? तेव्हा उत्तर देता येईल इतकं आपल्याला ठाऊक असायला हवं.